हे संपले की पारोळ्याला जाणे

जळगावच्या तापीकाठ केळी उत्पादक संघात सन एक्क्याण्णव साली संगणक आला, तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, खोलीला काच, काचेला पडदा आणि दाराबाहेर चपला काढण्याची जागा अशी सर्व तजवीज करण्यात आली. संघाच्या कार्यालयात एवढा मान त्याआधी फक्त सत्यनारायणाला मिळत असे, आणि तोही वर्षातून एकदा. संगणकाचे काम एकच होते. कोणत्या शेतकऱ्याची केळी रेल्वेच्या कोणत्या वॅगनमध्ये भरायची, त्याचा नंबर काढून चिठ्ठी छापणे. कापलेली केळी थांबत नाहीत, म्हणून नंबरही थांबता कामा नये, असे संघाचे धोरण होते आणि ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले होते.

या संगणकासाठी भाईदास पाटील नावाचा तरुण तात्पुरता नेमला होता. तात्पुरता म्हणजे असा, की ठराविक मुदत भरली की त्याला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमत. याला ‘ब्रेक’ म्हणत. आपण कायम आहोत असा गैरसमज भाईदासचा किंवा कायद्याचा होऊ नये, एवढीच त्यामागची सद्भावना होती. ब्रेकच्या दिवशी भाईदास संघाचा कोणीही नसे. त्या दिवशी तो कार्यालयाच्या दारातून आत आला असता, तर त्याला शिपायाने कोण पाहिजे म्हणून विचारले असते.

भाईदासला कायम व्हायचे होते आणि त्याचे कारण पारोळ्यात राहत होते. तिचे नाव कुंदा. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, चहापोहे झाले होते आणि दोघांनाही एकमेकांत नाव ठेवण्यासारखे काही सापडले नव्हते. परंतु कुंदाचे वडील अभिमन नाना यांनी निरोप देताना अंगणातच विषय संपवला.

“पोऱ्या चांगला शे,” नाना म्हणाले, “पन नोकरी तात्पुरती शे. मी मनी आंडेर, मनी कुंदा, तात्पुरती देऊ का? कायमना कागद दखाड, मंग लगननी गोट करू.”

भाईदासने जळगावची एसटी पकडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संगणकासमोर बसून वॅगनचा प्रोग्रॅम लिहू लागला.

येथे वाचकांच्या माहितीसाठी प्रोग्रॅमची एक खोड सांगणे आवश्यक आहे. प्रोग्रॅमच्या एखाद्या ओळीपुढे चांदणीचे चिन्ह टाकले की संगणक ती ओळ वाचतच नाही, सोडून पुढे जातो. अशा ओळी लिहिणाऱ्याने स्वतःच्या आठवणीसाठी ठेवायच्या असतात. भाईदासला एकटे बसून बोलायला कोणी नव्हते, त्यामुळे त्याच्या प्रोग्रॅममध्ये चांदण्या पुष्कळ होत्या. संगणकात मराठीचे कार्ड बसवलेले असल्याने त्या सगळ्या मराठीत होत्या. दमला की तो लिही, ‘इथे जरा थांबून चहा घेणे.’ वॅगनचे जुने नियम आठवेनासे झाले की लिही, ‘शंका आल्यास पितांबर आबांना विचारणे.’ व्यवस्थापकांनी चिठ्ठीवर एक रकाना विनाकारण वाढवायला लावला, तिथे लिहिले, ‘हा साहेबांचा हट्ट.’ आणि प्रोग्रॅम पूर्ण झाला त्या संध्याकाळी शेवटच्या ओळीखाली, कायम होण्याच्या आशेने, त्याने मोठ्या उमेदीने एक चांदणी टाकली आणि लिहिले, ‘हे संपले की पारोळ्याला जाणे.’

संगणकाने यातले काही वाचले नाही. संगणकाइतका समजूतदार प्राणी त्या कार्यालयात दुसरा नव्हता.

मग धुळ्याच्या विभागीय कार्यालयाचे पत्र आले. ज्या संस्थांकडे संगणक आहे त्यांनी आपापल्या प्रोग्रॅमची सविस्तर माहितीपुस्तिका सादर करावी, अन्यथा संगणक परत घेण्यात येईल. व्यवस्थापक जीवराम महाजन यांनी भाईदासला बोलावले.

“पुस्तिका लिही,” साहेब म्हणाले. “जाडजूड पाहिजे. धुळ्यानं मंजूर केली की तुझं कायमचं प्रकरण मी स्वतः हातात घेतो.”

“साहेब, प्रोग्रॅम लिहायला जेवढा वेळ लागला, त्याहून पुस्तिकेला जास्त लागेल.”

“मग प्रोग्रॅमलाच लिहायला सांग. संगणक कशासाठी घेतलाय?”

साहेब हे रागाने बोलले होते, पण भाईदासच्या डोक्यात ते पक्के बसले. वाचनालयातल्या एका मासिकात त्याने वाचले होते की परदेशात माहितीपुस्तिका हाताने लिहीतच नाहीत. प्रोग्रॅममधल्या चांदणीच्या ओळी वेचून तिथे पुस्तिका आपोआप तयार करतात. भाईदासने तसा एक छोटा प्रोग्रॅम रचला. तो चांदण्या वेचायचा, त्यांना परिच्छेदांचे आकडे द्यायचा, वर मथळे आणि पुढे अनुक्रमणिका जोडायचा. भाईदासने बटण दाबले आणि प्रिंटर करकरू लागला. पाने बाहेर पडत राहिली आणि खाली घडीवर घडी साचत गेली. आपली खाजगी वाक्ये लाल पेनने खोडायची आणि मग चांगली प्रत छापायची, असा त्याचा बेत होता.

पण दुसऱ्या दिवशी ब्रेक होता.

त्या दिवशी भाईदास पिंप्राळ्याच्या आपल्या खोलीत कायद्याने कोणीही नसलेला माणूस म्हणून डाळ निवडत बसला असताना, हेडक्लार्क वच्छलाबाईंनी प्रिंटरखालचा ढीग उचलला, बाईंडरकडून त्याला निळे कापडी पुठ्ठे चढवून घेतले आणि साहेबांनी तो एसटीच्या पार्सलने धुळ्याला रवाना केला. भाईदास दुसऱ्या दिवशी नव्याने नेमला जाऊन परत आला, तेव्हा खोडण्यासारखे त्याच्या हातात फक्त लाल पेन उरले होते.

धुळ्यात पुस्तिका अतिशय पसंत पडली. अन्य कोणत्याही संस्थेने अद्याप काहीच पाठवले नव्हते. संबंधित अधिकाऱ्यांनी ती हातात धरून वजन अजमावले, अनुक्रमणिका आहे याची खात्री केली आणि शेरा मारला: ‘आदर्श. तंतोतंत अंमलबजावणी करावी.’

तंतोतंत म्हणजे काय, यावर संघात बैठक झाली. वच्छलाबाई पुस्तिका उघडून बसल्या. संघातल्या कामाला त्या देवपूजेइतक्या चोख होत्या आणि त्यांनी आजवर कोणताही आदेश अर्धवट पाळला नव्हता.

“साहेब, शेतकऱ्याचं नाव घातल्यावर आणि नंबर निघण्याआधी चहा आहे,” त्या म्हणाल्या. “कोणी घ्यायचा ते दिलेलं नाही.”

“मग सगळ्यांनी घ्यायचा,” साहेब म्हणाले. “पुढे?”

“पुढे...” वच्छलाबाई जरा अडखळल्या. “पुढचा रकाना साहेबांचा हट्ट, असं आहे.”

भाईदासला आपल्या कायमपणाची तिरडी बांधली जात असल्यासारखे वाटले. जीवराम साहेबांनी पुस्तिका ओढून घेतली, ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि मग धुळ्याचा शेरा वाचला.

“धुळ्यानं याला मंजुरी दिली आहे?”

“आदर्श म्हटलं आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या.

साहेबांनी कॉलर सारखी केली. “वरिष्ठांनी मंजूर केलेला हट्ट हा हट्ट राहत नाही. ते धोरण होतं. रकान्यावर तसं छापा.”

एवढे शब्द चिठ्ठीच्या रुंदीत मावेनात, म्हणून रकान्यावर ‘सा. ह.’ एवढेच छापण्यात आले. त्यात काय लिहायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्याच शेतकऱ्याने खिडकीवर विचारले, तेव्हा आतून उत्तर गेले, “होय लिहा.” साहेबांच्या हट्टाला नाही कोण लिहिणार? तेव्हापासून जिल्ह्यातला प्रत्येक केळीवाला त्यात ‘होय’ लिहू लागला.

चहामुळे नंबर थोडे मागे पडले. पण खरे काम पुढच्या परिच्छेदाने वाढवले. ‘शंका आल्यास पितांबर आबांना विचारणे.’

पितांबर आबा हे संघाचे निवृत्त वॅगन-कारकून. संगणकापूर्वीच्या काळात सगळे नंबर त्यांच्या डोक्यात असत. आता ते पिंप्राळ्यात मुलाकडे राहत, ओट्यावर बसून शेंगा फोडत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. येणारे-जाणारे घाईत असत.

“पण साहेब,” वच्छलाबाईंनी नेमका प्रश्न काढला, “शंका आली की नाही, हे कसं ठरवायचं?”

साहेब विचारात पडले. “ही शंकाच झाली,” ते म्हणाले. “म्हणजे विचारावंच लागेल.”

त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठी घेऊन एक माणूस सायकलवरून पिंप्राळ्याला जाऊ लागला. आबा चष्मा पुसत, चिठ्ठी लांब धरून पाहत, जवळ धरून पाहत आणि सांगत, “बराबर शे.” आबांनी आयुष्यात कधी दुसरे काही सांगितले असेल तर ते कोणाला आठवत नव्हते. एकदा मात्र ते “देखू” म्हणून आंघोळीला गेले आणि सावद्याच्या स्टेशनवर एक भरलेली वॅगन त्यांचे डोके कोरडे होईपर्यंत जागची हलली नाही.

राहिला शेवटचा परिच्छेद.

रोजचे काम संपले की कोणीतरी पारोळ्याला जायचे, हे उघड होते. कशासाठी, ते उघड नव्हते. पण तसे ते पुष्कळ दौऱ्यांचे नसते. पहिला कारकून संध्याकाळच्या एसटीने पारोळ्याला गेला, स्टँडवर उभा राहिला, किल्ल्याकडे पाहिले आणि परत आला. त्याने अहवाल दिला, ‘जाऊन आलो.’ साहेबांना हे अपुरे वाटले.

“भाईदास, पुस्तिका तुझ्या प्रोग्रॅममधून निघाली आहे. पारोळ्यात नेमकं कुणाकडे जायचं?”

खरे सांगावे, तर कार्यालयीन संगणकाचा सोयरिकीसाठी वापर केल्याचा ठपका आणि त्यासोबत कायमपणाची आशा कायमची संपणार. भाईदासने खरेच सांगितले, पण निम्मे.

“अभिमन नाना पाटील. किल्ल्याच्या मागच्या गल्लीत.”

तेव्हापासून रोज सूर्य मावळला की संघाचा एक कर्मचारी हातात पिशवी घेऊन अभिमन नानांच्या अंगणात उभा राहू लागला. नानांना वाटले, मुलाकडची मंडळी घर बघायला पाठवतात. पाहुण्याला उपाशी ठेवण्याची त्या घराला सवय नव्हती. कुंदाच्या आई झुंबरबाई भाकरी थापत, शेवभाजी करत. पाहुणा जेवे, अंगणातल्या खाटेवर झोपे आणि सकाळच्या गाडीने परत जाई. कामाचे विचारले की सांगे, वरून आदेश आहे. जाताना मात्र प्रत्येकजण न विसरता पत्ता देणाऱ्या भाईदासची स्तुती करी, कारण भाजी चांगली होती आणि बोलायला दुसरा विषय नव्हता.

इकडे भाईदासचा जीव टांगणीला लागला. त्याने साहेबांना गाठले. “साहेब, पुस्तिकेत काही दुरुस्त्या करतो म्हणतो.”

“हातानं?” साहेब दचकले. “मंजूर पुस्तिकेत? ती खाडाखोड होईल.”

“मग प्रोग्रॅममधल्या ओळी बदलतो, पुस्तिका आपोआप बदलेल.”

“प्रोग्रॅम बदलला की तो नवा प्रोग्रॅम झाला. नव्याला मंजुरी लागेल. मंजुरी द्यावी की नाही अशी मला शंका येईल. आणि शंका आली की...” साहेबांनी पिंप्राळ्याच्या दिशेने हात केला.

भाईदास आबांच्या ओट्यावर गेला. “आबा, ती ओळ माझ्या आठवणीसाठी होती. तुम्ही एकदा ‘चूक आहे’ असं सांगून टाका, म्हणजे सगळेच सुटतील.”

आबांनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले. ओट्यावर चिठ्ठ्या घेऊन दोन माणसे बसली होती आणि आतून सूनबाई सगळ्यांना चहा घेऊन येत होती.

“भाईदास,” आबा हळूच म्हणाले, “रिटायर व्हयनू तवयपासून मनाकडे कोनी येत नव्हतं. आते देख, वट्टावर जागा नही. मी ‘चूक शे’ म्हनसू, तर उद्या माले कोन इचारी?”

भाईदासला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. म्हाताऱ्याने नवे धोतर नेसले होते. भाईदास चहा पिऊन परत आला.

आता धुळ्याचे दुसरे पत्र आले. पुस्तिका इतकी परिपूर्ण आहे की कोणताही साक्षर कर्मचारी ती वाचून संगणक चालवू शकेल. सबब संगणकासाठी स्वतंत्र माणसाची आवश्यकता उरत नाही. श्री. पाटील यांना पुढील ब्रेक द्यावा आणि त्यानंतर पुन्हा नेमू नये. पत्राच्या शेवटी आदर्श पुस्तिका तयार केल्याबद्दल श्री. पाटील यांचे अभिनंदन होते.

“बघ,” साहेब हळहळून म्हणाले, “तुझं काम एवढं चांगलं झालं, की तू लागतच नाहीस.”

ब्रेक दोन दिवसांवर आला होता. त्याच सकाळी दारात अभिमन नाना उभे राहिले. हातात एक गाठोडे. ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर सोडले. आतून एक छत्री, एक मफलर, दोन टॉवेल आणि चष्म्याची डबी निघाली. संघाचे कर्मचारी दौऱ्यावर विसरून आलेला हा माल होता.

“साहेब,” नाना म्हणाले, “तुम्ही रोज एक मानूस धाडतस. तो येस, जेवस, खाटवर झोपस, सकायले जास. इतली चौकशी तर कलेक्टरनी बी व्हत नही. पोऱ्यामा काही खोट शे का?”

साहेबांना कोणत्या पोराबद्दल बोलणे चालले आहे हे कळेना. त्यांनी नेहमीप्रमाणे पुस्तिका पुढे केली. “नाना, यात आमची काही इच्छा-अनिच्छा नाही. हे पाहा, छापलेलं आहे.”

भाईदास भिंतीला टेकून उभा होता. आता कायमपणाही गेला आणि कुंदाही गेली, अशी त्याची खात्री झाली. नानांनी बोट ठेवत ठेवत पुस्तिका वाचली. बहुधा धुळ्यापासून जळगावपर्यंत ती समजून वाचणारे ते पहिलेच होते. शेवटची ओळ आली तेव्हा त्यांनी मान वर करून भाईदासकडे पाहिले. त्यांना सगळे समजले होते. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. पण बोलले ते साहेबांशी.

“पुस्तकमा मनं गाव शे, पितांबर आबा शे, साहेबना हट्ट शे, चहा बी शे. ज्यानी हाई बठ्ठं लिखं, त्यानं नावच नही?”

एवढे बोलून नाना एसटी स्टँडकडे निघून गेले.

भाईदास काचेच्या खोलीत गेला. त्याने चपला बाहेर काढायचेही भान ठेवले नाही. प्रोग्रॅम उघडला आणि अगदी वर, पहिल्या ओळीच्याही आधी, एक चांदणी टाकून लिहिले: ‘भाईदास पाटील हे कायम आहेत. त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नये.’ मग बटण दाबले. प्रिंटर करकरू लागला आणि दुसरी आवृत्ती बाहेर पडली.

साहेबांना नियमाप्रमाणे शंका आली. प्रत सायकलवरून पिंप्राळ्याला गेली. आबांनी ती लांब धरली, जवळ धरली आणि सांगितले, “बराबर शे.” वच्छलाबाईंनी निळे पुठ्ठे चढवून घेतले आणि ‘त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नये’ असे छापलेले असल्याने धुळ्याचे उत्तर येईपर्यंत भाईदासचा ब्रेकही थांबवून ठेवला. धुळ्याने या वेळी अधिक काटेकोर तपासणी केली. एक अधिकारी खास येऊन पुस्तिका आणि प्रोग्रॅम ओळीओळीने ताडून गेला. दोन्ही तंतोतंत जुळले. ज्यातून निघाले त्याच्याशी ते जुळणारच, हा विचार तपासणीच्या कक्षेत येत नव्हता. शेरा आला, ‘पूर्वीपेक्षाही आदर्श.’ मागोमाग आदेश आला, की श्री. पाटील हे मंजूर पुस्तिकेनुसार कायम असल्याने त्यांना कायम करण्यात येत आहे.

कागद घेऊन भाईदास पारोळ्याला गेला. योगायोगाने त्या दिवशीच्या दौऱ्याची पाळीही त्याचीच होती.

लग्न वैशाखात झाले. लग्नाच्या दिवशी संघाने सकाळीच काम संपवले आणि काम संपले की काय करायचे, हे पुस्तिकेत होतेच. सगळे कार्यालय प्रवासभत्त्यावर मांडवात हजर राहिले. मुहूर्त गाठला की हुकला यावर भटजींना शंका आली, तेव्हा त्यांनाही पितांबर आबांकडे पाठवण्यात आले.

“आता तरी ती शेवटची ओळ काढून टाका,” पुढे एकदा कुंदा भाईदासला म्हणाली. “आई अजून रोज परक्या माणसाची भाकरी थापते.”

“काढली असती,” भाईदास म्हणाला. तो आता काचेच्या खोलीतल्या फिरत्या खुर्चीत बसत असे. “पण एक ओळ काढली, की लोक बाकीच्या ओळी वाचायला लागतात. माझी पहिली ओळही तिथंच आहे.”

पुढे वॅगन गेल्या, ट्रक आले. तो संगणक गेला, नवे आले. आबाही गेले, तिरडी उचलण्यापूर्वी कोणीतरी दोरी बरोबर बांधली का असे विचारले, आणि क्षणभर सगळेच आबांकडे पाहत राहिले. पण संघाच्या चिठ्ठीवरचा तो ‘सा. ह.’चा रकाना मात्र राहिला. तो चिठ्ठीवरून धुळ्याच्या नमुन्यात गेला, नमुन्यावरून दुसऱ्या खात्यांनी उचलला, तिथून तो कुठे कुठे गेला याची नोंद नाही.

तुम्ही हसत आहात, याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त मागच्या खेपेस तुम्ही एका खिडकीपुढे उभे होता तो प्रसंग आठवा. फॉर्मवर खालच्या बाजूला एक रकाना होता. तो कशासाठी, हे तुम्हाला कळेना. तुम्ही आतल्या माणसाला विचारले, “यात काय लिहायचं?” त्याने मान वर न करता सांगितले, “होय लिहा.” तुम्ही लिहिलेत, आणि वर त्याचे आभारही मानलेत. साहेबांना ते कळले आहे. ते प्रसन्न आहेत.